घोड्याच्या मानेवर जू

मित्रांनो, जवळ या, पण फार जवळ येऊ नका. मी चावतो. ही अफवा नाही, खरी गोष्ट आहे. ज्यांना ज्यांना मी चावलो त्यांतल्या दोघांबद्दल मला आज तुम्हाला सांगायचं आहे.

मी एक म्हातारा, तांबडा घोडा आहे. बहारीनमध्ये सनद गावाजवळच्या या खजुरीच्या बागेत राहतो. श्वास घेताना माझ्या घशातून घरघर असा आवाज येतो. मघाशी तुम्ही आत आलात तेव्हा तो ऐकून तुमच्यातली एक मुलगी मागं सरली, ते मी पाहिलं. तो आवाज मी जन्माला येताना घेऊन आलो नव्हतो. तो मला माणसांनी दिला. कोणी दिला आणि कोणी देऊ दिला, तेवढं ऐकून जा.

माझं लहानपण मला फारसं आठवत नाही. एक जहाज आठवतं आणि त्याचं डोलणं आठवतं. कळायला लागलं तेव्हा मी झल्लाकच्या समुद्रकिनाऱ्यावर होतो. तिथल्या एका हॉटेलात पाहुण्यांना पाठीवर बसवून वाळूत फिरवायचं, हे माझं काम होतं. तेव्हा माझं फार कौतुक व्हायचं. रोज खरारा, शेपटीला तेल, कपाळावर निळ्या मण्यांची माळ. लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे, आणि फोटो काढून झाला की माझ्या पोटात टाचा मारायचे. एकदा एका पाहुण्यानं साखरेचा खडा पुढं केला आणि मी तोंड नेताच हात मागं घेतला. त्याच्या मित्रांना हसू आलं, म्हणून त्यानं पुन्हा तेच केलं. तिसऱ्यांदाही केलं. चौथ्यांदा मी साखर सोडून बोट धरलं.

तेव्हापासून माझं कौतुक संपलं. दुष्ट घोडा असं नाव पडलं, आणि एकदा नाव पडलं की पुढचं सगळं लोक त्या नावावरूनच ठरवतात. दोन वर्षं मी तबेल्याच्या मागच्या कोपऱ्यात बांधलेला होतो. माशा आणि मी, एवढीच वस्ती.

१९९६ च्या हिवाळ्यात मला तिथून काढून इथं आणलं. या बागेच्या मालकाला सगळे अरबाब म्हणतात. बागेतला झरा आटत चालला होता आणि कितीतरी जुन्या खजुरी उभ्या उभ्या वाळल्या होत्या. अरबाबला वाळलेली झाडं काढायची होती, पण त्यांची खोडं अख्खी हवी होती, कारण आजोबांच्या जुन्या घरावर त्याला खजुरीच्या खोडांचं छत घालायचं होतं. आधी एक लोडर आणला. लोडरनं तासाभरात पाण्याचा पाट फोडला आणि दोन जिवंत झाडं आडवी केली. अरबाबनं डोक्यावरची काळी दोरी काढून जमिनीवर आपटली आणि लोडर हाकलून दिला. मग कोणीतरी सुचवलं की इतक्या दाट झाडीतून खोडं ओढायला जनावरच पाहिजे. हॉटेलवाल्यांनी मला इतक्या आनंदानं देऊन टाकलं की मला जरा वाईटच वाटलं.

इथं माझ्या वाट्याला दोन माणसं आली. दोघं एकाच ठेकेदाराकडं कामाला, दोघं आपसात मराठी बोलणारे. मला अरबी येत होती, थोडी इंग्रजी येत होती. मराठी मी यांच्या भांडणांतून शिकलो. घोड्याला कुठलीही भाषा शिव्यांपासूनच कळायला लागते.

पहिला जमालुद्दीन. पन्नाशीचा, रत्नागिरीकडचा, हात फणसाच्या सालीसारखे. त्याच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या जंगलातून लाकूड ओढायचं काम. ऐन, किंजळ, साग, डोंगरउतारावरून बैलांनी आणि रेड्यांनी खाली आणायचं. तो स्वतः लहानपणापासून त्यातच वाढलेला. लाकडाचं त्याला सगळं कळायचं. खोड कुठं बांधायचं, कुठल्या बाजूनं वळवायचं, ते कुठं अडेल आणि कुठं घसरेल, हे तो नुसतं बघून सांगायचा.

दुसरा दशरथ. तिशीतला, अकोल्याचा, सर्व्हेचं काम करणारा. कुठलं झाड काढायचं त्यावर लाल रंगानं आकडा टाकायचा, खोड न्यायची वाट चुन्यानं आखायची. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ऑफिसात सगळ्यांना त्यानं सांगून ठेवलं होतं की त्याचे वडील रेल्वेत होते.

पहिल्या दिवशी, शनिवारी सकाळी, जमालुद्दीननं मला पाहिलं आणि माझं नाव पवळ्या ठेवलं. मित्रांनो, पवळ्या हे बैलाचं नाव आहे. मला तिथंच सगळं समजायला हवं होतं, पण मी नवा होतो.

त्यानं बोरीचं लाकूड तासून माझ्यासाठी एक जू बनवलं होतं. फार सुबक केलं होतं, काचेनं घासून गुळगुळीत केलेलं. ते त्यानं माझ्या मानेवर ठेवलं, घशाखालून दोर घेऊन आवळलं, आणि मागं खोड बांधलं. मग तो माझ्या मागं आला आणि त्यानं माझी शेपटी पिरगाळली.

बैल शेपटी पिरगाळली की पुढं जातो म्हणे. मी घोडा आहे. मी लाथ मारली. ती त्याच्या मांडीवर बसली. तो पडला, उठला, माझ्या तोंडाशी येऊन ओरडायला लागला, म्हणून मी त्याचा दंड धरला.

"हरामखोर आहे एक नंबरचा!" जमालुद्दीन दंड चोळत म्हणाला. "थांब, तुझी मस्ती उतरवतो. आमचे रेडे पण असेच होते. सगळे सरळ केले मी."

दशरथ जवळच उभा होता. तो म्हणाला, "जमालभाई, जरा ते दोराचं एकदा..."

जमालुद्दीन आधीच संतापलेला. सगळे मजूर बघत होते. तो वळला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, तुम्ही कागदावर रेघा मारा. पेन्सिलवाल्याचं जनावरात काय काम? कधी शेण तरी उचललंय का या हातांनी?"

मजूर हसले. दशरथ लाल झाला. त्याचं अर्धं वाक्य तोंडातच राहिलं, आणि ते पुरं ऐकायला मला पुढं अकरा दिवस लागले.

दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा तो एकटा माझ्याकडं आला. घाबरत आला नाही. खांद्याच्या बाजूनं आला, तळहात आधी माझ्या नाकाशी धरला, मग जबड्याखाली दोन बोटं नेमकी जिथं न्यायची तिथं नेऊन त्यानं माझी नाडी पाहिली. माणूस घोड्यांत वाढलेला असला की ते हातावरूनच कळतं. झल्लाकला इतकी वर्षं काढली, पण असा हात मला लागला नव्हता. त्यानं जू जरा वर उचललं, घशावरचा दोर पाहिला आणि हळूच आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "याले पट्टा छातीवर पाह्यजे. हे त गळा आवळून राह्यलं."

मी कान टवकारले. कळलं याला! आता सांगेल, म्हटलं. त्यानं जू परत होतं तसं ठेवलं, हात रुमालाला पुसले आणि तो निघून गेला.

आता तुम्हाला गोम सांगतो. बैलाच्या पाठीवर वशिंड असतं, मान आखूड आणि जाड असते. जू त्याच्या मानेवर टेकतं आणि तो मानेनं ढकलतो. माझी मान लांब आणि वर चढणारी. वशिंड नाहीच. माझा सगळा जोर छातीत आणि खांद्यांत आहे. मी पुढं जोर लावला की जू मागं सरकायचं आणि घशाखालचा दोर श्वासनळीवर बसायचा. जितकं जास्त ओढावं तितकं जास्त गुदमरावं. दहा पावलं झाली की डोळ्यांपुढं काळं यायचं आणि मी थांबायचो. मी थांबलो की जमालुद्दीनला वाटायचं, मी माजलोय.

आणि त्याला तसं का वाटू नये? मी लाथ मारलेली, मी चावलेला. दुष्ट घोड्याचा दम कोंडतोय, असं कोण म्हणेल! म्हणून तो मला छडीनं मारायचा. मी संधी मिळाली की त्याला चावायचो. आमचे दिवस असे जात होते. घशाची कातडी तिसऱ्या दिवशी सोलली. पाचव्या दिवसापासून हा घरघर आवाज सुरू झाला.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, नाहीतर माझं सांगणं खोटं ठरेल. जमालुद्दीन मला मारायचा आणि नंतर स्वतःच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणून समोर ठेवायचा. त्याची बायको झोहरा शहरात, गुदैबिया भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर पहाटे उठून ती करून द्यायची. "खा मेल्या," तो म्हणायचा. "खायला बरं कळतं. ओढायला काय होतं रे तुला?" तो खरंच विचारत होता. त्याला खरंच कळत नव्हतं.

दशरथ रोज यायचा. झाडांवर आकडे टाकायचा, चुना टाकायचा. मी खोड ओढताना गुदमरून थांबलो की त्याचा रंगाचा ब्रश थांबायचा. तो बघायचा. मीही त्याच्याकडं बघायचो. मित्रांनो, मी कुणाकडं काही मागत नाही, माझा तो स्वभावच नाही. पण त्या दिवसांत मी त्याच्याकडं मागितलं. बोल रे, एवढंच. तो मान खाली घालून पुन्हा आकडे काढायला लागायचा. जमालुद्दीन मजुरांसमोर घामाघूम होऊन माझ्या मागं ओरडत असला की त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलायचं. ते हसू होतं. बारीक, पण हसूच. ते पाहिल्यापासून मी जमालुद्दीनवरचा राग थोडा कमी केला आणि तो दशरथच्या नावावर टाकला.

दहाव्या दिवशी, सोमवारी, बागेतलं सगळ्यात मोठं खोड निघालं. सतरा नंबरचं. मी पाटाच्या कडेपर्यंत ते कसंबसं आणलं आणि माझे पुढचे पाय दुमडले. मी पाटात कोसळलो. तोंड चिखलात, दोर घशात रुतलेला. जमालुद्दीननं कोयत्यानं दोर कापला म्हणून आज मी बोलतोय. खोड पाटात आडवं अडकलं आणि पाणी तुंबलं.

अरबाब आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, तुंबलेल्या पाण्याकडं पाहिलं.

"हादा मफी जैन," तो म्हणाला. हा काही कामाचा नाही. "कल शाम गाडी आएगी. खलास."

गाडी कुणाची, ते सगळ्यांना माहीत होतं. पलीकडच्या गावात एकजण शिकारी कुत्री पाळायचा. निकामी जनावरं त्याच्याकडं जायची, आणि ती तिथं काय कामाला येतात हे मी तुम्हाला सांगत बसणार नाही.

"अरबाब, एक दिन और दो," जमालुद्दीन म्हणाला. "ये खिंचेगा. इंशाल्ला खिंचेगा."

अरबाबनं नकाराची मान हलवली आणि तो निघून गेला. जमालुद्दीन पाटाच्या कडेला बसून राहिला. त्यानं माझा घसा ओल्या फडक्यानं पुसला. दशरथ चुन्याची बादली हातात धरून उभा होता. त्या दिवशी त्याच्या ओठांवर काही नव्हतं.

मंगळवारी सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. हातात एक रुंद पट्टा होता, ट्रकवरचं सामान बांधायला वापरतात तसा. त्याच्या आत जुन्या चादरीची जाड घडी शिवलेली होती. तो माझ्याजवळ आला, पट्टा छातीवर धरला, आणि मी त्याला चावलो. नुसतं धरलं नाही. खांद्यात दात रुतवले. इस्त्रीचा शर्ट फाटला, रक्त आलं.

तो ओरडला नाही. दात आवळून म्हणाला, "घे. बरोबर हाय तुझं."

तेवढ्यात जमालुद्दीन खांद्यावर जू घेऊन आला. "काय चाललंय? आता शेवटच्या दिवशी जनावरात काय काम काढलंत?"

"जमालभाई, जू राहू द्या. घोडा मानेनं ओढत नाही. छातीनं ओढतो. पट्टा छातीवर, दोन्ही बाजूंनी दोर मागं, आणि दोर पायांना घासू नयेत म्हणून मागं एक आडवी काठी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

दशरथनं एकदा मजुरांकडं पाहिलं. सगळे आले होते. "माझा बाप टांगा हाकायचा," तो म्हणाला. "अकोल्याला, स्टेशनवर. रेल्वेत नव्हता. स्टेशनच्या बाहेर होता. शेण मी दहाव्या वर्षापासून उचललंय."

कोणी हसलं नाही. जमालुद्दीननं जू खांद्यावरून उतरवून खाली ठेवलं. आता गमवायला काही उरलं नव्हतं. दोघांनी मिळून पट्टा बांधला. एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत, पण हात बरोबर चालले. एकाला घोडा कळत होता, दुसऱ्याला लाकूड.

सतरा नंबरच्या खोडाला दोर लावले. दशरथ माझ्या पुढं उभा राहिला आणि त्यानं जिभेनं टाळूवर दोनदा टक टक केलं. मी जोर लावला. मित्रांनो, घशाला काही झालं नाही! हवा आत आली, सरळ छातीत गेली. मी असा काही रेटा दिला की खोड पाटातून सुटलं, पाणी पुढं धावलं आणि मी न थांबता खोड फाटकापर्यंत नेलं. मला थांबायचंच नव्हतं. जमालुद्दीन बाजूनं लंगडत धावत होता आणि ओरडत होता, "यल्ला पवळ्या! यल्ला!"

दुपारपर्यंत मी आणखी सहा खोडं काढली. संध्याकाळी कुत्रेवाल्याची गाडी फाटकाशी आली तेव्हा खोडांच्या राशीमुळं तिला आत यायला वाट नव्हती. अरबाबनं ती परत पाठवली. मग त्यानं दशरथच्या खांद्यावर थाप मारली, नेमकी मी चावलेल्या जागी, आणि सगळ्यांना सांगितलं की मुहंदिस, म्हणजे इंजिनियर, असावा तर असा. मजुरांनी टाळ्या वाजवल्या. पट्टा कुणी शिवला असं एकानं विचारलं तेव्हा दशरथ म्हणाला, "पुष्पलतानं, माझ्या बायकोनं." तो सुटल्यासारखा हसत होता.

इथं गोष्ट संपली असती तर तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण जमालुद्दीन टाळ्या वाजवत नव्हता. तो माझ्याशेजारी उभा राहून ते सुबक जू हातात फिरवत होता. मजूर पांगल्यावर त्यानं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

दशरथ दोर गुंडाळायला लागला.

"सोमवारी कळलं? पवळ्या पडला तेव्हा?"

"नाही."

"मग कधी?"

"पहिल्या दिवशी," दशरथ म्हणाला. "मी सांगायला आलो होतो. तुम्ही सगळ्यांसमोर..." त्यानं दोर खाली ठेवला. "काल पुष्पलतानं पण हेच विचारलं. म्हणाली, इतके दिवस काय करत होते तुम्ही?"

मला वाटलं, जमालुद्दीन त्याच्या थोबाडीत देईल. त्यानं दिली नाही. त्यानं दशरथचं मनगट धरलं, त्याला ओढत माझ्याजवळ आणलं आणि त्याचा तळहात माझ्या घशावर, सोललेल्या कातडीवर ठेवला.

"काढू नको हात. ऐक. घरघर ऐक." त्याच्या तोंडातलं तुम्ही गेलं होतं. "मी अडाणी. मला बैल माहीत, घोडा नाही. मी मारलं ह्याला, माझ्या हातांनी मारलं, त्याचं अल्लाला मी काय ते सांगेन. पण मला कळत नव्हतं. तुला कळत होतं. अकरा दिवस तू उभा राहून बघत होतास. माझी फजिती व्हावी म्हणून ह्याचा जीव घेत होतास. मी बोललो ते तुला लागलं, तर मला मारायचं होतं! ह्यानं तुझं काय केलं होतं?"

दशरथनं हात काढला नाही. तो घरघर ऐकत राहिला. मी त्या वेळी त्याला सहज चावू शकलो असतो. नाही चावलो. त्याला जे लागायचं ते लागलं होतं.

मग जमालुद्दीननं ते जू दगडावर ठेवून कुऱ्हाडीनं फोडलं आणि त्याच जळणावर मजुरांसाठी चहा ठेवला. स्वतः मात्र प्याला नाही.

उरलेलं काम दोघांनी महिनाभर माझ्याबरोबर केलं. एकमेकांशी कामापुरतंही बोलले नाहीत. एकजण टक टक करायचा, दुसरा खोड वळवायचा. जमालुद्दीन रोज संध्याकाळी माझ्या घशाला खोबरेल लावायचा आणि दर वेळी पुटपुटायचा, "चुकलं रे पवळ्या, चुकलं." जखम भरली. आवाज गेला नाही. जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, आत जे चेंगरलं ते चेंगरलं. पळणं संपलं, ओझं संपलं. अरबाबनं मला बागेतच ठेवून घेतलं. गेल्या वर्षी जमालुद्दीन व्हिसा संपवून कायमचा गावी गेला. जाताना माझ्या गळ्याला मिठी मारून रडला. मी त्याला चावलो नाही. मी त्याला केव्हाच माफ केलं होतं.

दशरथ अजून इथंच आहे. दर शुक्रवारी गाजरं घेऊन येतो. पुष्पलता कधी कधी बरोबर असते. मी गाजरं खातो, कारण गाजरांनी माझं काही वाईट केलेलं नाही. खाऊन झालं की त्याच्याकडं पाठ करून उभा राहतो. तो तासभर थांबतो, माझा श्वास ऐकतो आणि जातो.

मित्रांनो, मुक्या जनावरांना जपा, त्यांना पोटभर चारा द्या, मारू नका, हे तुम्हाला शाळेत शिकवतातच. माझं मागणं थोडं वेगळं आहे. जनावराचं काय दुखतंय ते तुम्हाला कळलं नाही, तर एक वेळ चालेल. मी सोसेन. पण कळलं, तर त्याच क्षणी बोला. समोरच्यानं तुमचा अपमान केला असेल तरी बोला, तो हसेल तरी बोला, तुमचं त्याच्याशी सात जन्मांचं वैर असेल तरी बोला. तुमच्या रुसव्याचा दोर दुसऱ्याच्याच गळ्यात असतो.

आज शुक्रवार आहे. ते बघा, फाटकातून तो आलाच, हातात पिशवी घेऊन. तुम्हाला वाटेल, मी त्याच्या पिशवीकडं बघतो. नाही. तो आला की मी अजूनही आधी त्याच्या तोंडाकडं बघतो.